हुंकारा

या, असे जवळ सरून बसा. सांगायचं आहे ते फार मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. कीर्तनाला बसता तसं मन मोकळं ठेवून बसा, म्हणजे सौंसरच्या एका घरात कार्तिक महिन्यात काय ऐकू आलं, ते जसंच्या तसं तुमच्या कानी पडेल.

लीलाबाईंनी कणकेचे हात तसेच वर धरले, कोपरानं रिसीव्हर उचकटला आणि कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला. नुकतीच बिजली गेली होती. घरात देव्हाऱ्यातली समई तेवढी जळत होती आणि तिच्या उजेडात भिंतीवरची सावली लीलाबाईंपेक्षा मोठी दिसत होती.

"बोला. बिजली हाय का म्हनून विचारत असान, तर आमच्याही घरी नाही."

पलीकडून कोणी बोललं नाही.

"कोन हाय जी?"

श्वास ऐकू येत होता. घाईचा नव्हे, वात्रटाचा नव्हे. देवळात डोळे मिटून बसलेल्या माणसाचा असतो तसा. लीलाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि रिसीव्हर ठेवून दिला. कणिक काळ्या दांड्याला चिकटली होती, ती त्यांनी पदरानं पुसली.

फोन केशवरावांच्या नोकरीपायी घरात आला होता. लीलाबाईंचे यजमान केशवराव बिजली ऑफिसात सुपरवायझर. तार तुटली, खांब पडला, की गावाला त्यांना गाठता यावं म्हणून ते काळं धूड ओसरीच्या कोनाड्यात आणून बसवलेलं. पूर्वी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे, त्यामुळे कोण कुणाला फोन करतं ते निदान एका माणसाला तरी ठाऊक असे. अलीकडे डायलचे फोन आले आणि ती राखण गेली. आता चकतीत बोट घालून फिरवलं, की कुणीही कुणाच्याही घरात शिरावं.

बिजली गेली की फोन सुरू. कुणी शिव्या घालायचं, कुणी लग्नघरातून रडकुंडीला येऊन बोलायचं. गावातले पोट्टे तर काही सोडत नसत. काकू, पंखा फिरून राहिला का, मग त्याले पकडा, पळून जाईन, असं म्हणून फिदीफिदी हसत. एकदा एकानं टेलिफोन ऑफिसचा साहेब होऊन सांगितलं, की आज तारांमधली धूळ हवेनं फुंकून काढणार आहेत, फोन कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर घरभर धूळ होईल. केशवरावांनी खरंच त्याला उशीचा अभ्रा चढवून दिवसभर तसा ठेवला. संध्याकाळी शेजारच्या देवकाबाई डोकावल्या आणि म्हणाल्या,

"केशवराव, फोनले थंडी वाजून राहिली का जी?"

तेव्हापासून केशवराव फोनवर जरा आवाज चढवूनच बोलत. तरी फोन काढून ठेवायची सोय नव्हती. नोकरीचा होता.

पण हा मुका फोन वेगळा होता. दसरा झाल्यावर त्यांच्या लेकीचं, छायाचं साक्षगंध झालं, लग्न पक्कं झालं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. यायचा तोही दिवेलागणीलाच. छायानं उचलला तरी मुका, लीलाबाईंनी उचलला तरी मुका. फक्त केशवरावांनी उचलला, की पलीकडून लगेच ठेवला जाई.

आणि इथंच पाणी मुरलं. लग्न ठरलेली पोरगी घरात, आणि बापाचा आवाज ऐकून फोन बंद होतो, तर बाप काय समजणार? केशवराव मनानं वाईट नव्हते. राममंदिरातल्या सप्ताहात टाळ धरायला तेच पहिले उभे राहत आणि शेवटपर्यंत उभे असत. पण एक दिवस त्यांनी छायाला ओसरीवर उभं केलं आणि विचारलं, की पांढुर्ण्याच्या बसमध्ये तुझ्याशी कोण बोलत असतो. छाया पांढुर्ण्याला बालवाडीत शिकवायला जात असे. ती म्हणाली, बसमध्ये संत्र्याचे पेटारे बोलतात, बाकी कोणी नाही. बापाला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं जाणं बंद झालं.

"बाबा, शाळेतले लेकरं वाट पाहत असतीन," एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन पिशवीतले रंगीत खडू तिनं एकेक करून डबीत लावले. ते लीलाबाईंनी दारातून पाहिलं.

स्थळ तसं मोठं होतं. भैय्याजींच्या संत्र्याच्या बागा गावाबाहेर नजर पोचेल तिथपर्यंत. माणूस चाळिशीच्या अलीकडचा, हळू आवाजाचा, रोज दिवेलागणीला न चुकता मारुतीच्या दर्शनाला जाणारा. फक्त बिजवर होता. पहिली बायको गुलाब मागच्या पावसाळ्यात गेली. ताप डोक्यात चढला म्हणून सांगितलं होतं. घरात आता तो आणि त्याची आई, अंबाबाई. या अंबाबाईंना लीलाबाई कीर्तनात कित्येक वर्षं पाहत होत्या. बायकांच्या बाजूला, खांबाच्या आड, पदर कपाळापर्यंत ओढून बसायच्या. साक्षगंधात त्यांनी छायाची ओटी भरली तेव्हा वर पाहिलंसुद्धा नाही. तांदूळ ओटीत कमी आणि जमिनीवर जास्त सांडले. लोक म्हणाले, सुनेची आठवण आली बिचारीला.

मुक्या फोनाची गोष्ट भैय्याजींच्या कानावर गेली तर सोयरीक मोडेल आणि पोरीच्या नावाला कायमचा डाग लागेल, या धाकात लीलाबाई दिवस काढत होत्या. देवकाबाईंना मात्र या कोड्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"गुलाब हाय थे," त्या सुपारी कातरता कातरता म्हणाल्या. "तुमी सवतीचा टाक केला का? नाही ना. सोनाराकडून चांदीचा टाक करा, छायाच्या गळ्यात घाला, पहिलीले साडीचोळी करा. मान भेटला की सोडते बिचारी. नाही भेटला त कशी सोडन?"

"मेलेलं मानूस फोन करते का, देवकाबाई?"

"जिवंत मानूस फोन करून गप बसते का?"

 लीलाबाईंनी केशवरावांकरवी सोनाराला टाक सांगितला. दुसरेपणावर दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीची ती चिमुकली मूर्ती असतेच, ते काही नवं नव्हतं. पण त्या रात्रीपासून छाया झोपताना गळ्यावर हात ठेवून झोपू लागली.

आता कार्तिक महिना म्हणजे लीलाबाईंचा व्रताचा महिना. पहाटे स्नान, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा, आणि दिव्यापुढे कहाणी. कहाणी नुसती सांगून चालत नाही, तिला हुंकारा लागतो. ऐकणारीनं हातात अक्षता धरायच्या आणि सांगणारी थांबली की 'हुं' म्हणायचं. हुंकाऱ्याशिवाय सांगितलेली कहाणी वाऱ्यावर जाते, देवापर्यंत पोचत नाही, असं लीलाबाईंच्या आईनं त्यांना शिकवलेलं. रोज हुंकाऱ्याला देवकाबाई असत. पण त्या दिवशी त्या भावाकडे सावरगावला गेल्या होत्या. छाया बाहेरची होती, मागच्या खोलीत बाजूला बसलेली. तिला तुळशीपाशी येता येत नव्हतं. केशवराव कुठल्याशा खांबावर. अंगणात दिवा लावून, मुठीत अक्षता घेऊन लीलाबाई कुणाची तरी वाट पाहत उभ्या राहिल्या, आणि ओसरीवर फोन वाजला.

त्यांनी उचलला. तोच श्वास.

त्या रागावल्या असत्या. पण व्रत खोळंबलं होतं आणि तिथून तुळस समोर दिसत होती. त्या म्हणाल्या,

"बोलायचं नसन त नको बोलू, बाई. कहानी ऐकशीन का? माझ्याजवळ आज कोनीच नाही."

आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली. आटपाट नगर होतं. त्या नगरात एक सून होती.

त्या सवयीनं थांबल्या. थांबल्यावर आपलीच चूक त्यांच्या ध्यानात आली आणि त्या पुढचं वाक्य उचलणार, तेवढ्यात फोनातून आवाज आला.

"हुं."

लीलाबाईंच्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या. बाईमाणसाचा हुंकारा होता. दबलेला, म्हातारा की तरुण ते कळू नये असा, पण अगदी जागच्या जागी पडलेला. ज्या बाईनं जन्मभर कहाण्या ऐकल्या तिचाच तो हुंकारा. लीलाबाईंची भीती कुठल्या कुठे गेली असं नाही, पण सुरू केलेली कहाणी अर्धी टाकणं त्याहून वाईट. त्या सांगत राहिल्या. सुनेला सासरी सगळे बोलतात. हुं. उष्टंखरकटं देतात. हुं. सून कुणाला दोष देत नाही, देवाचं नाव घेते. हुं. एके दिवशी सून पहाटेच्या अंधारात घागर घेऊन विहिरीवर जाते.

हुंकारा आला नाही.

लीलाबाई थांबून राहिल्या. मग फोनातून एक आवाज आला, तोंडात पदराचा बोळा कोंबून कुणी रडावं तसा. आणि रिसीव्हर पडला.

कहाणीत पुढं देव प्रसन्न होतो, सुनेला हाताला धरून वर काढतो. ते सांगायचं राहून गेलं. लीलाबाईंनी अक्षता तुळशीत टाकल्या आणि दिव्यापाशी बराच वेळ बसून राहिल्या. गुलाब तापानं गेली. सगळं गाव तेच सांगत होतं. तापानं गेलेलीला विहिरीचं रडू का यावं?

केशवराव आले तेव्हा लीलाबाईंनी हे सारं सांगितलं. केशवराव पायांवर पाणी घेत होते, ते तांब्या तसाच धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, तुला कीर्तनं ऐकून ऐकून सगळीकडे कथाच दिसायला लागली आहे.

"मंग उद्या तुमी माझ्याजवळ बसा," लीलाबाई म्हणाल्या. "बोलू नका. नुस्तं ऐका. पोरीवर संशय घेतला ना तुमी, मंग तिच्यासाठी एवढं करा."

फोन दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही एक दिवस रिकामा गेला. केशवराव दोन्ही दिवस दिवेलागणीला घरी आले आणि कोनाड्याखाली पाट मांडून बसले. तिसऱ्या संध्याकाळी बिजली नेमकी गेली आणि अंधारात घंटी वाजली. लीलाबाईंनी रिसीव्हर कानाला थोडा तिरपा लावला; केशवरावांनी आपलं डोकं त्यांच्या डोक्याला टेकवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते असे दिव्यासमोर कधी बसले नसतील.

"तू आली का, माय," लीलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुले रडवलं. एक विचारू? तुझ्या तोंडाले शपथ घातली हाय का कोनी?"

बराच वेळ काही नाही. मग,

"हुं."

केशवरावांचा श्वास थांबलेला लीलाबाईंना कानाशी कळला.

"मंग तू बोलूच नको. शपथ मोडू नको. सांगते मीच. हुंकारा देनारी काही सांगत नसते, सांगनारी सांगते. खरं-खोटं माझ्या माथी. खोटं असन तिथं तू गप राहा."

"हुं."

लीलाबाईंनी डोळे मिटले. कीर्तनकार उत्तररंगाला उभा राहण्याआधी क्षणभर मिटतो तसे. मग त्या हळू, एका सुरात सांगू लागल्या.

"आटपाट नगर होतं. संत्र्याच्या बागांचं. तिथं एक पोरगी नांदाले आली. तिचं नाव गुलाब."

"हुं."

"पावसाळ्यात तिले ताप आला. तापानं गेली."

अंधारात कुठंतरी कुत्रं भुंकलं. फोनातून काही नाही. लीलाबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा काही नाही.

"थे विहिरीत गेली."

"हुं."

"पाय घसरला तिचा."

काही नाही.

"जीव दिला तिनं."

काही नाही. आता उरलेलं वाक्य एकच होतं. केशवरावांनी अंधारात त्यांचा हात धरला.

"तिले ढकललं."

 समईची वात तडतडली.

"हुं."

"नवऱ्यानं."

हा हुंकारा आला तेव्हा तो गळ्यातून आल्यासारखा वाटलाच नाही. खालून, खोल, पाण्याला लागून वर यावा तसा आला. केशवरावांनी डोकं बाजूला घेतलं आणि भिंतीला टेकवलं.

लीलाबाईंनी थांबायला हवं होतं. पण ज्या बाईनं एवढं दिलं ती कोण, हे कळल्याशिवाय त्यांना रिसीव्हर ठेववेना. त्यांनी विचारलं, हे पाहणारी त्याच घरातली होती का. हुं. धुणंभांडं करणारी होती का. काही नाही. मग लीलाबाईंच्या मनात खांबाआडचा पदर आला, आणि साक्षगंधात जमिनीवर सांडलेले तांदूळ.

"पाहनारी त्याची माय होती," त्या म्हणाल्या.

पलीकडून रिसीव्हर ठेवला गेला. आपटला नाही, पडला नाही. झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तसा, आवाज न करता ठेवला.

बिजली आली. दोघं नवरा-बायको उजेडात एकमेकांकडे पाहत बसले. मागच्या खोलीच्या दारात छाया उभी होती. तिनं किती ऐकलं ते तिनं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. केशवराव उठले, तिच्यापाशी गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोलिसात जायचं का?" लीलाबाईंनी नंतर विचारलं.

"काय सांगू तिथं? हुंकाऱ्याची साक्ष कोन घेते? अन् नाव घ्या लागन त कोनाचं घेऊ? त्या माऊलीचं? थे उद्याचा दिवस पाहीन का मंग?"

म्हणून दोघांनी ठरवलं, की कुणाचं नाव न घेता पोरगी तेवढी सोडवून घ्यायची. पत्रिकेत दोष निघाला असं सांगायचं.

भैय्याजींच्या घरी ते सकाळीच गेले. घर स्वच्छ, ओसरीला शेणाचा ताजा सडा. भैय्याजींनी बसायला सतरंजी घातली आणि स्वतः संत्री सोलून दोघांच्या पुढ्यात फोडी ठेवल्या; शिरा काढून, बिया काढून. त्यांची बोटं फार निवांत चालत होती. अंबाबाई चहा ठेवून दाराशी उभ्या राहिल्या. पदर कपाळापर्यंत. बाजूच्या तिपाईवर विणलेल्या रुमालाखाली फोन होता.

केशवरावांनी कसंबसं पत्रिकेचं सांगितलं. नाडी, मंगळ, काहीतरी. शब्द त्यांच्या तोंडात एकावर एक चढत होते. भैय्याजी शांतपणे ऐकत राहिले, मग म्हणाले, "साक्षगंधाच्या आधी पाहिली होती ना पत्रिका?"

"नवा जोशी म्हनाला जी."

"असं." त्यांनी आणखी एक फोड सोलली. "कोनी काही बोललं का तुमच्याजवळ?"

 लीलाबाईंनी पाहिलं, की अंबाबाईंनी दाराची चौकट धरली आहे.

"नाही जी," लीलाबाई म्हणाल्या. "देवाशपथ सांगते, कोनी एका शब्दानं काही बोललं नाही."

भैय्याजींनी मान वळवून आईकडे पाहिलं. रागानं नव्हे. आज भाजी काय केली असं विचारावं, तसं पाहिलं. आणि मग जन्मात कधी मान वर करून न बोलणाऱ्या अंबाबाई एकाएकी ओरडून बोलू लागल्या. पोट्टी मलेच पसंत नव्हती म्हणाल्या. काळी हाय, बसनं फिरते, बिजलीवाल्याच्या घरची, माझ्या घराले शोभली नसती. गेली पिडा त जाऊ द्या. लीलाबाईंना अपमान कळतही नव्हता. एवढा वेळ त्या फक्त आवाज ऐकत होत्या, आणि त्या ओरडण्यातही, वाक्य संपलं की गळ्यात जो हुंकार राहतो, तो त्यांना ओळखू येत होता.

निघताना अंबाबाईंनी कुंकू लावलं. बोट कपाळावर लागायच्या ऐवजी भुवईवर लागलं. लीलाबाई वाकून त्यांच्या पाया पडल्या, आणि वर उठायला त्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

चपला घालताना मागून भैय्याजी उठल्याचं जाणवलं. त्यांनी तिपाईवरचा रुमाल बाजूला केला, कपाटातून एक छोटं पितळी कुलूप काढलं, डायलच्या चकतीतल्या भोकात घातलं आणि टिचकन दाबून लावलं. किल्ली जानव्याला बांधली.

"बिल फार येऊन राहिलं अलीकडे," ते लीलाबाईंकडे पाहून हसून म्हणाले.

त्यानंतर दिवेलागणीला मुका फोन आला नाही. छाया पुन्हा पांढुर्ण्याच्या बसनं जाऊ लागली. केशवराव तिला स्टँडवर सोडायला जात आणि वाटेत उगीच पोरांच्या अभ्यासाचं विचारत. सोनारानं केलेला टाक केशवरावांनी नदीत सोडला. देवकाबाई म्हणाल्या, पाहा, टाक केल्या केल्या फोन थांबला का नाही. लीलाबाई हो म्हणाल्या.

पण तुळशीपुढे कहाणी सांगताना देवकाबाईंचा हुंकारा त्यांना अपुरा वाटू लागला. कुलूप बाहेर जाणाऱ्या फोनाला असतं, आत येणाऱ्याला नसतं, हे त्यांना एका संध्याकाळी सुचलं. भैय्याजी मारुतीला गेले असतील अशा वेळी त्यांनी त्या घरचा नंबर फिरवला. कुणीतरी उचलला. लीलाबाईंनी नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही. आटपाट नगर होतं, म्हणून त्यांनी त्या दिवशी राहिलेली कहाणी पुढं सांगितली, देवानं सुनेला हाताला धरून वर काढलं तिथपर्यंत. पलीकडून हुंकारा आला नाही. पण फोनही कुणी ठेवला नाही, आणि कहाणी संपल्यावर एक लांब, सुटलेला श्वास ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी कहाणी सांगितली. मग तो नेमच झाला. कधी हुंकारा येई, अगदी बारीक. कधी येत नसे. केशवराव तेवढा वेळ ओसरीच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसत आणि कुणी आलं तर त्याला बोलण्यात गुंतवत.

कार्तिकी पौर्णिमेला व्रताची सांगता होती. लीलाबाईंनी पुरणाचे दिवे लावले, नंबर फिरवला, आणि पलीकडे उचलल्याचं कळताच सांगायला सुरुवात केली. आटपाट नगर होतं. तिथं एक म्हातारी होती, ती रोज देवाला दिवा लावी.

त्या थांबल्या.

हुंकारा आला. जागच्या जागी, निवांत, हळू आवाजात.

पुरुषाचा होता.

लीलाबाईंनी रिसीव्हर ठेवला. पायरीवरून केशवराव विचारत होते, की आज इतक्या लवकर कशी झाली कहाणी.

अंबाबाई त्यानंतर कीर्तनाला दिसल्या नाहीत. भैय्याजींनी सांगितलं, आई काशीला गेली, तिकडेच राहते म्हणाली. गाव म्हणालं, पुण्यवान बाई. राममंदिरातल्या त्या खांबाआड लीलाबाई कुणाला बसू देत नसत. स्वतःचं आसनही तिथं कधी टाकलं नाही.

तुम्ही आता उठाल, घरोघर जाल, दिवा लावाल. तिनं पोटच्या पोराच्या डोक्याची शपथ मोडली नाही आणि परक्याची पोर बुडू दिली नाही. तिच्या नावाची पणती सौंसरात कोणी लावत नाही. तेव्हा हात जोडाल त्या वेळी, बाकीच्यांच्या नावांबरोबर, अंबाबाईचं नाव एकदा घ्या.